इसानला निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,

थायलंडच्या ईशान्येला, इसानमधल्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला तुझी निवड झाली, हे वाचून मनापासून आनंद झाला. पहिल्या महिन्यात काय काय करून दाखवायला हवं, असं तू विचारलं आहेस. मी सांगेन, सुरुवातीला काहीच करून दाखवू नकोस. दोन-तीन महिने त्यांच्यात बस, त्यांच्याबरोबर जेव आणि त्यांना तुझी काळजी घेऊ दे. गाव तुला घरचं मानायला लागलं की तुझं शिकवणंही मुलांपर्यंत पोचेल.

सकाळी आठला झेंडा चढतो, राष्ट्रगीत होतं, प्रार्थना होते. रोज वेळेवर जा आणि मुलांच्या रांगेशेजारी ताठ उभी राहा. तुझा तास कसा झाला यापेक्षा तू रोज तिथे असतेस की नाही, हे गाव आधी पाहतं. वयाने मोठं कुणी भेटलं की आधी तू हात जोडायचेस. मुलं तुला 'वाइ', म्हणजे हात जोडून नमस्कार, करतील तेव्हा हसून मान हलवलीस तरी चालतं. एक सवय मात्र इथेच सोडून जा. आपण कौतुकाने मुलांच्या डोक्यावर हात ठेवतो, तिथे डोकं शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात, परक्याने त्याला हात लावायचा नसतो. पाय तितकेच खालचे. चटईवर बसताना तळवे कुणाकडे करू नकोस, मूर्तीकडे तर नाहीच. भिक्खूंना बाईचा स्पर्श चालत नाही. काही द्यायचं असेल तर त्यांनी पसरलेल्या वस्त्रावर ठेवायचं. यात तुझा अपमान शोधू नकोस.

दुपारचं जेवण मात्र मनावर घे, कारण ओळखी तिथेच होतात. शिक्षक एकत्र बसतात. चिकट भात बांबूच्या छोट्या टोपलीत येतो, तो हातानेच खायचा. घासभर काढून बोटांनी दाबायचा आणि भाकरीच्या तुकड्याने कोरड्यास उचलावं तसा त्याने मधल्या ताटलीतला पदार्थ उचलायचा. कुणीतरी मातीच्या उखळात लसूण, मिरच्या, चवळीच्या शेंगा, टोमॅटो आणि कच्च्या पपईचा कीस घालून लाकडी मुसळाने सोमतम नावाची कोशिंबीर कुटत असेल. मिरच्या किती, हे तुला विचारतील. एकच सांग.

तू शाकाहारी आहेस, म्हणून हे नीट वाच. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, तिथे मिठासारखं वापरतात, आणि इसानी सोमतममध्ये आंबवलेल्या माशांचा प्लारा घालतात. 'जे', म्हणजे तिथलं व्रताचं शाकाहारी जेवण, म्हटलंस की लगेच कळतं, कारण वर्षातून एकदा नऊ दिवस दुकानांवर पिवळी निशाणं लागतात आणि बरेच लोक तसं जेवतात. पण 'जे'मध्ये कांदा-लसूण आणि दूधही बाद. त्यापेक्षा स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी निवांत गाठ आणि मीठ घालून वेगळं करून द्याल का, असं विचार. घरून मसाल्याचा डबा जरूर ने, पण आपला डबा उघडून कोपऱ्यात एकटी बसू नकोस.

ओळख होताच वय, पगार, लग्न सगळं विचारतील. तुला 'पी' म्हणजे ताई म्हणायचं की 'नोंग' म्हणजे धाकटी, हे वयावरूनच ठरतं, तेव्हा वय सांगून टाक. रंगावरूनही बोलतील. इंग्रजी शिकवायला गोरं माणूस येणार, अशी काही पालकांची अपेक्षा असते. ते टोचेल, आणि टोचावं असंच आहे. त्यावर वाद घालत बसू नकोस. एक काम कर, वर्गातल्या प्रत्येक मुलाचं टोपणनाव पाठ कर. लांबलचक खरी नावं हजेरीपुरती असतात, हाका टोपणनावानेच मारतात.

आता सर्वांत अवघड गोष्ट. तुला कुणीही तोंडावर 'नाही' म्हणणार नाही. शाळा सुटल्यावर जादा तास घेते, असं तू म्हणशील. मुख्याध्यापक हसून 'छान' म्हणतील आणि मग वर्गाची किल्लीच मिळणार नाही. दोनदा 'बघू' झालं की ते 'नाही' आहे असं समज. कारण साधं असतं: मुलं गावच्या गाडीने घरी जातात, किंवा शेतात हाताशी लागतात. ते कारण चारचौघांत विचारू नकोस. बरोबरीच्या एखाद्या शिक्षिकेला एकटीला गाठून 'तुला काय वाटतं' असं विचार. आवाज तर कधीच चढवू नकोस. चारचौघांत कुणाला खाली पाहायला लावलंस, तर पुढे सगळे तुझ्याशी गोड बोलतील आणि तुला काहीही सांगणार नाहीत.

राजघराण्याबद्दल बरं-वाईट मत कुठेही मांडू नकोस, समाजमाध्यमांवरही नाही. तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम 112 खाली एका आरोपाला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे.

शाळा मेच्या मध्यावर उघडते. पाठोपाठ जूनमध्ये, बहुधा गुरुवारी, 'वाइ ख्रू', म्हणजे गुरुवंदनेचा सोहळा, होईल. मुलं गुडघ्यांवर चालत शिक्षकांपुढे येतात आणि फुलांची सजवलेली तबकं देतात. परंपरेने त्यात इक्झोराची फुलं, वांग्याचं फूल, लाह्या आणि दूर्वा असतात. हो, आपण गणपतीला वाहतो त्याच दूर्वा! झपाट्याने पसरणाऱ्या त्या गवतासारखी विद्या वाढावी, आणि वांग्याच्या खाली झुकलेल्या फुलासारखी नम्रता यावी, असा त्यामागचा भाव. तुझ्यापुढेही तबक येईल. 'मी तर नुकतीच आले' म्हणून मागे सरू नकोस. दोन्ही हातांनी घे आणि मुलाला दोन शब्दांचा आशीर्वाद दे, मराठीत दिलास तरी चालेल.

आता कागदपत्रं. पर्यटक म्हणून शिरायचं आणि मग शिकवायचं, हे चालत नाही. पगार नसला तरी नॉन-इमिग्रंट व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, आणि दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. त्यांच्या कागदांवर बौद्ध सन असतो, आपल्या 2026 ला तिथे 2569, तेव्हा तारखा दोनदा तपास. शाळेचं पत्र आणि व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नकोस. पत्र आलं की मला पाठव, आपण दोघी बसून वाचू.

तुझी,
मावशी