टॉन्सिलचं ऑपरेशन जागा बधिर करून करावं की पूर्ण भूल देऊन?

मुलगी 23 वर्षांची, वर्षातून सात-आठ वेळा घसा धरतो, डॉक्टर पूर्ण भूल म्हणतात आणि मामा म्हणतात जागा बधिर करून स्वस्तात होतं, असं तुम्ही लिहिलंय. पूर्ण भूलच घ्या.

1994 साली मी 22 वर्षांची होते. घर मंगळवार पेठेत. माझे चुलते, आमचे अण्णा, तालमीतले. घरात त्यांचा शब्द शेवटचा. "फुल भूल दिली की डोकं मंद हुतंय. मी खुर्चीत बसून करून घेतलंय, हूं का चूं केलं न्हाई," असं ते म्हणाले आणि विषय संपला. मला कुणी विचारलं नाही.

खुर्चीत बसवलं आणि हनुवटीखाली धरायला स्टीलचा ट्रे माझ्याच हातात दिला. आधी कडू फवारा, मग टॉन्सिलभोवती इंजेक्शनं. रक्त कमी यावं म्हणून त्यात ॲड्रिनलिन असतं, त्यानं छाती धडधडायला लागली. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी निम्मी घाबरले नसते. उजव्या बाजूला दुखलं नाही, पण ओढलेलं सगळं कळत होतं, आणि तारेचा फास आवळताना करकर असा आवाज थेट कानात आला. डावीकडे भूल चढलीच नाही. सारखी सूज येऊन गेलेल्या जागेवर ती नीट चढत नाही, हे मला नंतर कळलं. रक्त घशात उतरत होतं, उमाळे येत होते, नर्सनं मागून डोकं दाबून धरलेलं. डॉक्टर दोनदा थांबले, पुन्हा सुई टोचली.

संध्याकाळी अण्णा तालमीत सांगून आले, पोरीनं तोंडातून आवाज काढला नाही. तोंडात अवजारं असताना आवाज कुठून काढणार होते मी?

2018 ला माझ्या मुलाची वेळ आली तेव्हा अण्णांनी तेच पुन्हा काढलं. त्या दिवशी मी त्यांना बसवून नीट विचारलं, तुमचं नेमकं काय केलं होतं? म्हणाले, "चिरा मारला, पू काढला, रात्री भाकरी खाल्ली." म्हणजे टॉन्सिलशेजारी झालेलं गळू फोडलं होतं! ते मोठ्या माणसाचं आजही जागा बधिर करूनच फोडतात. टॉन्सिल काढलेल्या माणसाला त्या रात्री भाकरी गिळणं अवघडच. ज्या दाखल्यावर मला त्या खुर्चीत बसवलं, तो दाखलाच चुकीचा होता. अण्णांनी ते अजून कबूल केलेलं नाही.

मुलाचं पूर्ण भुलीत झालं. सहा तास आधीपासून खाणं बंद, श्वासाची नळी घातलेली, त्यामुळे रक्त श्वासनलिकेत उतरायची भीती कमी, आणि डॉक्टरला घाई नाही. दिवसभर गुंगी होती. डोकं मंदबिंद काही झालं नाही, पुढं बारावी चांगल्या मार्कांनी पास झाला.

नंतरचं दुखणं मात्र दोन्हीत सारखंच. दहा-बारा दिवस घसा, आणि गिळताना कान दुखतो. घशात पांढरा थर दिसतो, तो पू नव्हे. खपली सुटते त्या सुमारास, पाचव्या ते दहाव्या दिवसांत, रक्त येऊ शकतं. आम्ही सातव्या दिवशी रात्री दोन वाजता पळालो होतो. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तांबडा रस्सा, मिसळ तोवर बंद.

खर्चाचं म्हणाल तर भूलतज्ज्ञाची फी वेगळी लागते. ती वाचवू नका. दमा, हलणारा दात, चालू गोळ्या, घरात कुणाला भुलीचा त्रास झालेला असेल तर त्यांना आधी सांगा. आणि हो, हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असल्यानं पूर्ण भूल धोक्याची ठरते अशा मोठ्या माणसांसाठी बधिर करून काढणं हा मार्ग आहे. तो निर्णय भूलतज्ज्ञानं घ्यायचा, मामांनी नाही.

मामांना एवढंच विचारा की ज्याचं स्वस्तात झालं त्याचं नेमकं काय काढलं होतं. आणि त्याआधी मुलीला विचारा, तिला काय हवंय.