चीनचे सम्राट वाचायला घेताय? आधी वानली बघ
अरे, सगळ्या राजवंशांची यादी पाठ करत बसू नकोस, आधी एकच सम्राट नीट धर, मिंग घराण्याचा वानली. कागदावर सत्ता प्रचंड, कारण घराण्याचा संस्थापक होंगवूने १३८० मध्ये पंतप्रधानपदच रद्द केलेलं, सगळं थेट सम्राटाकडे. तरी वानलीला आपला लाडका तिसरा मुलगा युवराज करायचा होता आणि अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अर्जावर अर्ज करून, फटके खाऊन, नोकऱ्या घालवून ते होऊच दिलं नाही, शेवटी १६०१ ला थोरल्यालाच युवराज करावं लागलं. या भांडणात तो दरबारात यायचाच बंद झाला, रिकाम्या जागाही भरेना. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, 'स्वर्गपुत्र' (चिनी सम्राटाची पदवी) असला तरी थोरलाच वारस या रीतीने तोही बांधलेलाच. मग मिंगनंतरच्या छिंग घराण्याचा सम्राट कांगशी घे, फरक आपोआप दिसेल.