सॉफ्टवेअर बदलल्यानंतर गाडीची ओढ कमी झाली

प्रश्न : माझी २०१९ सालची टर्बो-डिझेल मोटार सुमारे ८५ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यातील सर्व्हिसिंगमध्ये इंजिनाच्या संगणकाचे सॉफ्टवेअरही बदलण्यात आले. तेव्हापासून कुंभार्ली घाटात जो चढ गाडी तिसऱ्या गिअरवर चढत असे, तिथे दुसरा टाकावा लागतो. ‘चेक इंजिन’चा दिवा लागत नाही, म्हणून सर्व्हिस सेंटर दोष मानत नाही. जुने सॉफ्टवेअर परत घालून घ्यावे काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : एवढ्यात नको. ज्या दिवशी सॉफ्टवेअर बदलले, त्याच दिवशी गाडीचे सर्व्हिसिंगही झाले, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. सर्व्हिसिंगमध्ये एअर फिल्टरचा डबा उघडला जातो, डिझेल फिल्टर बदलला जातो आणि काही वेळा टर्बोकडून येणारा होज पाइपही बाजूला करावा लागतो. त्यामुळे एखादी क्लिप सैल राहिली असेल, तर तिचा दोषही आपण सॉफ्टवेअरच्याच माथी मारणार.

संशयाचा निकाल लावण्याचा मार्ग मात्र सरळ आहे. टर्बोने हवेचा किती दाब निर्माण करावा हे संगणक क्षणोक्षणी ठरवत असतो, आणि प्रत्यक्षात किती दाब मिळाला हे सेन्सर त्याला कळवत असतो. मागितलेला आणि मिळालेला, असे हे दोन्ही आकडे चांगल्या स्कॅनरवर शेजारी शेजारी दिसतात. मोबाइलला जोडायच्या स्वस्त यंत्रांत बहुधा दुसराच दिसतो, म्हणून आपल्या गाडीच्या कंपनीसाठीचा स्कॅनर असलेले गॅरेज गाठावे. मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १५०० आरपीएमपासून ३५०० पर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी न्यावी आणि शेजारी बसलेल्या मेकॅनिकने त्या वेळच्या नोंदी जतन करून ठेवाव्यात. चालकाने स्वतः पडद्याकडे पाहू नये.

संगणक पुरेसा दाब मागतो आहे आणि तो मिळत नाही, असे दिसले तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे. अशा वेळी इंटरकूलरचे (टर्बोकडून येणारी तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज, त्यांच्या क्लिपा, टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी आणि एअर फिल्टरचा डबा तपासावा. गळती डोळ्यांना दिसत नसेल तर या नळ्यांत धूर सोडून केलेली चाचणी ती दाखवून देते. दाबाचा सेन्सरही पारखून घेता येतो. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवल्यावर त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा, म्हणजे चिपळुणात सुमारे १०० आणि घाट चढून कराडला गेल्यावर ९५च्या आसपास किलोपास्कल.

याउलट संगणक मुळातच कमी दाब किंवा कमी डिझेल मागत असेल, तर संशय सॉफ्टवेअरकडे वळतो. तरीही नवी फाइलच वाईट, असे लगेच ठरत नाही. काही गाड्यांत सॉफ्टवेअर बदलताना संगणकाने शिकून ठेवलेली मूल्ये पुसली जातात. ईजीआर व्हॉल्व्हची (इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) बंद-उघड स्थिती पुन्हा शिकवावी लागते आणि डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला संकेतांक पुन्हा भरावा लागतो. हे काम राहून गेले तरी दिवा लागतोच असे नाही. दिवा न लावता नोंदवलेले दोषही असू शकतात, म्हणून ते पुसण्याआधी वाचून लिहून घ्यावेत. ‘पी ०२९९’ म्हणजे दाब कमी आणि ‘पी ०४०१’ म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा.

दोन्ही आकडे जुळत असूनही ओढ नसेल, तर मागितलेल्या-मिळालेल्याचा हाच हिशेब डिझेलच्या रेल प्रेशरला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतील दाबाला, लावावा. क्लचही पाहावा, कारण ८५ हजार किलोमीटरनंतर तो घसरू लागणे नवलाचे नाही. चढावर आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, ही त्याची खूण.

नव्या सॉफ्टवेअरने गाडीचा स्वभाव खरोखर बदलू शकतो, हेही मान्य करायला हवे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे उत्सर्जन प्रकरण (चाचणीपुरते प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडकीस आल्यावर ईए १८९ मालिकेच्या डिझेल इंजिनांचे सॉफ्टवेअर बदलण्यात आले, तेव्हा युरोपातील अनेक मालकांनी ओढ घटल्याच्या आणि ईजीआर बिघडल्याच्या तक्रारी केल्या होत्या. कंपनीने मात्र कामगिरीत फरक पडत नसल्याचे सांगितले होते. अशा वादात आठवणीपेक्षा नोंद उपयोगी पडते.

म्हणून सर्व्हिस सेंटरकडे जॉब कार्डवर दोन गोष्टी लेखी मागाव्यात : आधीच्या आणि आताच्या सॉफ्टवेअरचे क्रमांक, तसेच त्यानंतर कोणती मूल्ये पुन्हा शिकवली. नवा क्रमांक आपल्या मॉडेलचा नसेल, तर योग्य फाइल घालून देणे त्यांचेच काम आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये ‘रीमॅप’, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये फेरफार, करून घेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण क्लिप सैल असताना अधिक दाब मागितला की टर्बोवरचा ताण तेवढा वाढतो. स्कॅनरच्या नोंदी हाती आल्यावर त्या आमच्याकडे जरूर पाठवाव्यात.