ऑनलाइन पदवीची निवड

प्रश्न : नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी घ्यावी असा विचार आहे, मात्र सगळ्याच जाहिराती सारख्या वाटतात. निवड कशी करावी?

उत्तर : सर्वप्रथम मान्यता तपासावी, आणि तीही महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नव्हे, तर नियामक संस्थेच्या अधिकृत यादीत, कारण बनावट मान्यतापत्रांच्या आधारे पदव्या विकण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. महाविद्यालय मान्यताप्राप्त असले, तरी तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याची परवानगी त्याला आहे का, हेही पाहावे. व्याख्याने ठरावीक वेळी थेट होतात की ध्वनिमुद्रित मिळतात, हे आधीच विचारावे. नोकरदारांचे शिक्षण बहुधा इथेच अडते. शुल्कपरताव्याचे नियम लेखी घ्यावेत. ‘आजच प्रवेश घ्या’ असा तगादा लावणाऱ्या समुपदेशकाचे (खरे तर तो विक्रेताच असतो) फारसे मनावर घेऊ नये.