अंधांच्या पुनर्वसनात करिअर: आधी काम ठरवा, मग पदवी

प्रश्न असा आहे: मानसशास्त्रात बीए झालं आहे, अंध व्यक्तींच्या पुनर्वसनात काम करायचं आहे, बीएड करावं, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावं, की सहा महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र पुरेल?

ऑनलाइन प्रमाणपत्राने सुरुवात करू, कारण त्यात पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. आपल्याकडे हे क्षेत्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, १९९२ च्या कायद्याखाली येतं. पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करायचं तर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव हवं. त्यालाच सगळे 'सीआरआर नंबर' म्हणतात. नोंदणी नसताना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे. परिषदेची मान्यता नसलेल्या प्रमाणपत्रावर हा नंबर मिळत नाही आणि नंबर नसेल तर विशेष शिक्षकाच्या जागेसाठी तुमचा अर्ज छाननीतच बाद होतो.

आता पदव्यांकडे. 'पुनर्वसन' या एका नावाखाली निरनिराळी कामं येतात आणि प्रत्येकाची पात्रता वेगळी आहे.

मुलांना शिकवायचं असेल तर विशेष शिक्षणातलं डीएड किंवा बीएड, आणि तेही दृष्टिदोष या विषयातलं. डीएड बारावीनंतर दोन वर्षांचं. बीएडसाठी पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे. बौद्धिक अक्षमता किंवा श्रवणदोष या विषयातलं विशेष बीएड केलंत, तर अंध मुलांच्या शिक्षकाच्या जागेसाठी ते चालत नाही. मुंबईत वांद्र्याला राष्ट्रीय संस्था आहे म्हणून तिथे चौकशी करणारे पुष्कळ जण भेटतात. ती अली यावर जंग संस्था वाचादोष आणि श्रवणदोष यांची आहे. दृष्टिदोषाची राष्ट्रीय संस्था डेहराडूनला आहे. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण म्हणजे मानसशास्त्र हा माध्यमिक शाळेतला विषय नाही. बीएडला अध्यापन पद्धतीचे कोणते विषय मिळतील हे प्रवेशाआधीच लेखी विचारा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे शिक्षक-प्रशिक्षणाची रचना बदलते आहे, चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

मोठ्या माणसांसोबत काम करायचं असेल, म्हणजे काचबिंदू किंवा मधुमेहामुळे चाळिशी-पन्नाशीत दृष्टी गेलेल्यांसोबत, तर तुमची पदवी खरी उपयोगी पडेल. मानसशास्त्रात एमए आणि त्यापुढे परिषदेने मान्य केलेला पुनर्वसन मानसशास्त्राचा अभ्यासक्रम, हा तुमचा सरळ रस्ता. एमएसडब्ल्यू करून संस्थांमध्ये समुपदेशन, रोजगार मेळावे, दाखल्यांची कामं मिळतात. पण नुसत्या एमएसडब्ल्यूवर विशेष शिक्षक म्हणून नोंदणी होत नाही. अंशतः दृष्टी असलेल्यांसाठी भिंगं, प्रकाशयोजना, फिल्टर ठरवून देण्याचं काम ऑप्टोमेट्रीत येतं. ती स्वतंत्र पदवी आहे, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि बारावी विज्ञान लागते. या कामाची गरज प्रचंड आहे, कारण अंधत्वाचा दाखला असणाऱ्या पुष्कळांना थोडीफार दृष्टी असतेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी (३/६० म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं), किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी, याला अंधत्व धरलं आहे. म्हणजे काळोखच असतो असं नाही.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात निकडीचं काम चलनवलनाचं, म्हणजे अंध व्यक्तीला स्वतंत्रपणे फिरायला शिकवण्याचं आहे, ज्याला ओरिएंटेशन आणि मोबिलिटी म्हणतात. परिषदेच्या व्यावसायिकांच्या यादीत याचा स्वतंत्र प्रवर्ग आहे, तरी बहुतेक ठिकाणी हे बीएडमधल्या एका पेपरपुरतंच उरतं. परीक्षेत काठीच्या तंत्रावर टिपण लिहून शिक्षक पास होतो आणि प्रत्यक्ष मुलाला रस्त्यावर न्यायची वेळ आली की घाबरतो. म्हणून संस्था निवडताना मी हाच निकष सर्वांत वर ठेवीन: डोळ्यांवर पट्टी बांधून किती तास चालवतात, आणि ते आवारातच की रस्त्यावरही?

किती बारकावे असतात ते पाहा. अंध व्यक्तीचा हात धरून तिला ओढायचं नसतं. तिने तुमच्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. लांब काठीची उंची साधारण छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. मूठ शरीराच्या मध्यावर, हालचाल मनगटातून, खांद्यातून नाही. टोक दोन्ही बाजूंना खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचितच बाहेर टेकवायचं आणि डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे असलं पाहिजे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासली जाते. शिकाऊ माणसाचा हात हळूहळू एका बाजूला सरकतो, काठीच्या टोकाची कमान वाकडी होते आणि चालणाराही त्या बाजूला भरकटतो. मागून चालणाऱ्या प्रशिक्षकाला हे पहिल्या दहा पावलांत दिसायला हवं. शिवाय काठी कमरेखालचंच सांगते. आपल्या रस्त्यांवर उभ्या ट्रकचा मागचा भाग, दुकानांचे खाली आलेले पत्रे, लटकणाऱ्या पाट्या चेहऱ्यावर आदळतात, म्हणून कपाळासमोर आडवा हात धरण्याचं तंत्र काठीइतकंच घोटून घ्यावं लागतं.

ब्रेलचंही तसंच. डोळसांना सहा बिंदूंची चिन्हं महिनाभरात पाठ होतात, पण चुका दुसरीकडेच होतात. स्लेट (खाचांची पट्टी) आणि स्टायलसने (टोचणीने) उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं, पान उलटल्यावर ते डावीकडून उजवीकडे वाचलं जातं. त्यामुळे वाचताना डाव्या उभ्या ओळीत असणारे १-२-३ हे बिंदू लिहिताना उजव्या बाजूला येतात. मराठीत ऱ्हस्व वेलांटी छपाईत अक्षराच्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती व्यंजनानंतर येते. जोडाक्षरात ४ हा बिंदू आधी आणि मग दोन्ही व्यंजनं: 'स्त' म्हणजे बिंदू ४, स, त. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतंत्र चिन्हं आहेत. वाचताना मूल बोट अक्षरावर वरखाली घासत असेल तर वेग कधीच वाढत नाही, बोट ओळीवरून सलग सरकलं पाहिजे. जो शिक्षक स्वतः ब्रेल डोळ्यांनीच वाचतो आणि मुलाच्या बोटांकडे बघत नाही, त्याच्या हे लक्षातही येत नाही.

संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, मोफत आहे, आजच उतरवून घ्या आणि मॉनिटर बंद करून वापरा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसेल, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरं वाचतो. शाळांमधल्या जुन्या प्रश्नपत्रिका नेमक्या तशाच असतात, आणि त्या बदलून देणं हे विशेष शिक्षकाच्याच गळ्यात पडतं.

प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, दृष्टिदोष हा विषय आणि तुमचं प्रवेशवर्ष, तिन्ही तपासा. मान्यता ठरावीक मुदतीची असते. ती संपलेली असताना घेतलेल्या प्रवेशावर नोंदणी अडते आणि मग संस्था व परिषद यांच्यामध्ये विद्यार्थी हेलपाटे घालत राहतो. नोंदणीचं नूतनीकरणही करावं लागतं. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षणांचे गुण जमवावे लागतात, तेव्हा प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

नोकरी शोधताना दोन दारं वेगळी आहेत हे ध्यानात घ्या. महाराष्ट्रात अंधांच्या विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे येतात. सर्वसाधारण शाळांत जाणाऱ्या अंध मुलांसाठीचे विशेष शिक्षक समग्र शिक्षा अभियानातून घेतले जातात. दोन्हीकडच्या जाहिराती वेगळ्या निघतात.

पुढेमागे अमेरिकेत जायचा विचार असेल तर तिथे चलनवलन प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र वेगळ्या मंडळाकडून मिळतं आणि त्यासाठी किमान ३५० तासांचं देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम लागतं. इथला सीआरआर नंबर तिथे चालत नाही, पण इथे केलेल्या प्रात्यक्षिकांची तासवार नोंद ठेवलीत तर तिथे अर्ज करताना दाखवायला काही तरी हातात असेल.