फवारणीआधी शाळेतले नळ मोजा

तुमच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांमध्ये हात-पाय-तोंड आजाराची, म्हणजे ताप आणि हात, पाय व तोंडात फोड येणाऱ्या आजाराची, साथ आली आहे. संस्थाचालकांनी संपूर्ण इमारतीत जंतुनाशकाची फवारणी करण्यासाठी आणि प्रत्येक वर्गाबाहेर सॅनिटायझरचे यंत्र बसवण्यासाठी पैसे मंजूर केले आहेत आणि ‘रुग्णालयात करतात तेच आपण केले तर पुरेल का’, असे तुम्ही मुख्याध्यापिका या नात्याने विचारले आहे. मी परिचारिका होते आणि निवृत्तीपूर्वीची अकरा वर्षे एका मोठ्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचे काम पाहिले. त्या अनुभवावरून सांगते, की रुग्णालयाकडून शाळेने उचलण्यासारखे बरेच आहे, मात्र फवारणी त्यात बसत नाही.

हवेत सोडलेला औषधाचा फवारा बाकाच्या खालच्या बाजूला, नळाच्या तोटीला किंवा दाराच्या कडीला पुरेसा लागत नाही, लागला तरी मळाच्या थराखाली पोहोचत नाही आणि वर्गात बसणाऱ्यांच्या डोळ्यांना व श्वासाला मात्र त्रास देतो. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभागांच्या निर्जंतुकीकरणासाठी सरसकट फवारणी करू नये असे स्पष्ट लिहिले होते. तरीही आपल्याकडे पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसला की पालकांना काहीतरी झाल्याचे समाधान मिळते. शिवाय दुपारी फवारणी झाली आणि सकाळी एखाद्या बाळाने लाळेचा हात पुन्हा त्याच बाकाला पुसला, की आदल्या दिवशीचा खर्च तिथेच संपला.

आता हा आजार कसा पसरतो ते पाहू, कारण उपाय त्यावरूनच ठरतो. कॉक्सॅकी आणि त्याच कुळातले इतर विषाणू, म्हणजे एंटेरोव्हायरस, तो घडवतात. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाशी याचा काहीही संबंध नाही. नावातील साम्यामुळे गावाकडचे पालक हमखास घाबरतात, म्हणून हे त्यांना पहिल्याच सभेत सांगून टाका. विषाणू लाळेतून, शिंका-खोकल्यातून, फोडांतील पाण्यातून आणि शौचातून बाहेर पडतो. ताप उतरून फोड सुकल्यानंतरही शौचातून तो कित्येक आठवडे बाहेर पडत राहू शकतो. याचा अर्थ असा, की ‘पूर्ण बरे झाल्याशिवाय पाठवू नका’ असा नियम केला तरी विषाणू शाळेत येणारच. ताप गेला, मूल नीट खाऊ-पिऊ लागले, लाळ गळणे थांबले आणि फोड कोरडे पडले की त्याला वर्गात घ्यावे. खरा बंदोबस्त शौचालयातून बाहेर पडणाऱ्या आणि डब्याकडे जाणाऱ्या हातांचा करायचा आहे.

याच ठिकाणी सॅनिटायझरची अडचण येते. अल्कोहोल ज्या विषाणूंवर झटपट काम करते त्यांच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. कोविडचा विषाणू आणि फ्लूचा विषाणू त्यातले. एंटेरोव्हायरसला असे आवरण नसते, त्यामुळे त्याच्यावर अल्कोहोलचा प्रभाव कमी पडतो. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसचेही तसेच आहे. अशा वेळी साबण लावून चोळणे आणि वाहत्या पाण्याखाली धुणे हेच कामाचे, कारण त्यात विषाणू मेला नाही तरी हातावरून वाहून जातो. मैदानावरून मातीचे हात घेऊन आलेल्या मुलाला तर सॅनिटायझर देण्यात अर्थच नाही.

मग रुग्णालयात खाटेखाटेला हँडरबच्या, म्हणजे हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाच्या, बाटल्या का असतात, असे तुम्ही विचाराल. तिथल्या गरजा वेगळ्या आहेत. एका पाळीत परिचारिकेला हात स्वच्छ करण्याचे प्रसंग इतक्या वेळा येतात, की प्रत्येक वेळी बेसिनपर्यंत जाऊन ४० ते ६० सेकंद हात धुणे शक्य होत नाही. हँडरब २० ते ३० सेकंदांत, रुग्णाजवळ उभे राहूनच होतो. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून हँडरब रुग्णाच्या खाटेजवळ आणून ठेवला आणि सर्वांना सातत्याने आठवण देण्याची मोहीम चालवली. तेव्हा योग्य प्रसंगी हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून १९९७ पर्यंत ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर आले. उपदेश त्याआधीही होत होताच. या वेळी बाटली हाताच्या अंतरावर आली होती.

मी स्वतः हे कसे शिकले ते सांगते. आमच्या एका वॉर्डात रुग्णांना लावलेल्या लघवीच्या नळीमुळे होणारे संसर्ग कमी होत नव्हते, म्हणून मी दोन दिवस कोपऱ्यात स्टूल टाकून नुसती बघत बसले. एक अतिशय कष्टाळू मुलगी सकाळी हातमोजे चढवायची. त्याच हातमोज्यांनी ती युरिन बॅग रिकामी करी, पडदा सरकवी, फाइलवर आकडा लिही, वाजणारा फोन उचली आणि शेजारच्या खाटेवरील आजोबांचे सलाईन बदलायला जाई. तिचे स्वतःचे हात शेवटपर्यंत स्वच्छ होते. हातमोजे आपल्याला जपण्यासाठी असतात, अशी तिची प्रामाणिक समजूत होती, आणि ती तशी होण्यात आमच्या प्रशिक्षणाचाही दोष होता. हात केव्हा धुवायचे, हे आम्ही नीट शिकवलेच नव्हते. हँडरबची एकमेव बाटली नर्सिंग टेबलावर, म्हणजे त्या खाटेपासून वीस-बावीस पावलांवर होती. त्यानंतर आम्ही प्रत्येक खाटेच्या पायथ्याला बाटली अडकवली आणि पाच प्रसंग पाठ करून घेतले: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त-लघवीसारख्या स्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. वॉर्डातल्या मामा-मावशींनाही हे शिकवले, कारण भांडे उचलणारा आणि खाट सरकवणारा हात त्यांचाच असतो आणि त्यांना कार्यशाळेला कोणी बोलावत नाही. तुमच्या शाळेत शिपाई आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांचे स्थान नेमके तेच आहे.

शाळेत पाच प्रसंगांची गरज नाही, दोन पुरेत: शौचालयातून आल्यावर आणि खाण्यापूर्वी. आता हे प्रत्यक्षात घडू शकते का, याचा हिशेब करू. तुम्ही २४० मुले आणि चार नळ असे लिहिले आहे. एका नळाला ६० मुले आली. साबण लावून घाईघाईने धुतले तरी एका मुलाला अर्धे मिनिट लागते, म्हणजे शेवटच्या मुलाचे हात धुऊन होईपर्यंत अर्धा तास जातो, आणि तुमची मधली सुट्टी अर्ध्या तासाचीच आहे. म्हणजे मुले हात धूत नाहीत ही बेशिस्त नाही, गणित आहे. हँडरबची बाटली वीस पावलांवर असणे आणि २४० मुलांना चार नळ असणे, ही माझ्या मते एकच चूक आहे.

म्हणून मंजूर झालेले पैसे इकडे वळवा. भिंतीच्या कडेने प्लास्टिकचा आडवा पाइप टाकून त्याला मुलांच्या कमरेच्या उंचीवर दहा-बारा तोट्या बसवणे आणि खाली सिमेंटची पन्हळ काढणे हे स्थानिक प्लंबर आणि गवंडी दोन-तीन दिवसांत करतात. अनेक जिल्हा परिषद शाळांनी ते केलेही आहे. पाण्याचा दाब कमी असेल तर तोट्यांऐवजी पाइपला बारीक भोके पाडून एकच मुख्य नळ ठेवला तरी चालते. साबणाची वडी खिडकीत ठेवू नका, ती तासाभरात चोरीला किंवा गटारात जाते. नायलॉनच्या जाळीत बांधून तोटीजवळ लोंबती ठेवली, की आठवडाभर टिकते. सर्वांसाठी एक टॉवेल मुळीच नको, हात हवेत वाळू द्यावेत. ही सोय होईपर्यंत पहिली-दुसरीला दहा मिनिटे आधी सोडा. पिण्याच्या पाण्याच्या पिंपात पेला बुडवण्याची पद्धत असेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा किंवा पिंपाला तोटी बसवून घ्या.

मुलांना शिकवण्यासाठी तक्ते लावण्यापेक्षा तेलात कालवलेली हळद तळहातावर चोळायला द्या आणि मग हात धुवायला सांगा. पिवळे काय राहिले ते त्यांचे त्यांनाच दिसते: अंगठा, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या. रुग्णालयात हाच प्रयोग आम्ही चमकणारे जेल आणि निळा दिवा घेऊन डॉक्टरांवर करत असू, आणि अंगठा त्यांचाही राहत असे.

स्वच्छतेपुरते एवढेच, की आधी साबणाने घासून घ्यावे आणि मग हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक, वापरावे, कारण घाण असली की त्याची ताकद तिथेच खर्च होते. बाजारातले ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट असेल तर २० मिलिलिटर घेऊन पाणी घालत एक लिटर करावे, म्हणजे ०.१ टक्क्याचे द्रावण मिळते. तोट्या, कड्या, शौचालयाची बैठक आणि लहान वर्गांची बाके त्याने पुसून दहा मिनिटे ओली ठेवावीत व नंतर साध्या पाण्याने पुसावीत. हे काम मुले घरी गेल्यावर, हातमोजे घालून करावे. द्रावण रोज ताजे करावे. कालचे उरलेले ओतून द्यावे. शौचालय धुण्याच्या ॲसिडमध्ये हायपो कदापि मिसळू देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ‘दोन्ही घातले की जास्त स्वच्छ’ ही समजूत मी रुग्णालयातसुद्धा पाहिली आहे.

मात्र पुढच्या साथीला हीच यादी जशीच्या तशी लावू नका. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत आणि नंतर राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा हात आणि रुमाल यांचा बंदोबस्त उपयोगी होता. गोवराला तो पुरत नाही. रुग्ण खोलीतून गेल्यानंतरही गोवराचा विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो आणि मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरवत असते. तिथे लसीचे दोन डोस, उघड्या खिडक्या आणि रुग्णाला वेगळे ठेवणे हेच उपाय आहेत. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत मुले दगावली ती याच आजाराने. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड नुसते फाइलला लावू नका, वाचा. ताप आणि अंगावर पुरळ असे दोन्ही दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

शेवटी तुम्ही सहज म्हणून लिहिलेल्या एका वाक्याबद्दल. तुमच्याकडे वर्षभर एकही दिवस गैरहजर न राहिलेल्या मुलाला वार्षिक संमेलनात पदक देतात. त्या पदकापायी तापाची गोळी देऊन मुलाला शाळेत पाठवणारी आई मी पाहिली आहे, आणि तिला बोल लावणे मला जमले नाही. या वर्षी त्या बक्षिसाच्या नियमात ‘आजारपणाची रजा गैरहजेरी धरली जाणार नाही’ एवढी ओळ घाला आणि ती पालकांच्या गटावर आजच कळवा. नळांचा आराखडा आणि वर्गवार पटसंख्या मला पाठवलीत, तर हात धुण्याचे वेळापत्रक मी करून देते.