वांग्याचा सुकलेला शेंडा आधी कुणाला दिसतो?

प्रश्न : ताई, आम्ही मोहोळ तालुक्यातले. दीड एकर पाण्याखाली आहे. वीस गुंठे वांगी, दहा गुंठे भेंडी, बाकी मेथी-कोथिंबीर आलटून पालटून. रोपं लावणं, खुरपणी, तोडणी, क्रेट भरणं सगळं मी आणि सासूबाई करतो. प्रशिक्षणाला मात्र आमचे मालक जातात. येताना पुस्तिका आणतात, ती कपाटावर पडून राहते. मला स्वतःला जायचंय. घरात म्हणतात, सातबारा तुझ्या नावावर नाही, तुला कोण बसू देणार? हे खरं आहे का?

उत्तर : खरं नाही. शेतीशाळेत, म्हणजे शेतावरच भरणाऱ्या प्रशिक्षणवर्गात, बसायला सातबारा लागत नाही. तो लागतो अनुदानाला. आता त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांकही मागतात आणि तो ज्याच्या नावावर जमीन त्यालाच मिळतो. शिकणं वेगळं, अनुदान वेगळं, एवढं घरात नीट सांगा.

कृषी खात्यात पर्यवेक्षक असताना मी हेच गावोगाव पाहिलं. कामगंध सापळ्यांचं, म्हणजे मादी पतंगाच्या वासानं नराला ओढून घेणाऱ्या सापळ्यांचं, प्रशिक्षण पुरुषांना मिळतं. ते वांग्यात सापळे टांगतात आणि बाहेरच्या कामांना निघून जातात. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचे नर पतंग त्यात अडकतात. किती अडकले हे नियमानं मोजलं, तरच फवारणी करायची की थांबायचं ते ठरवता येतं. त्या सापळ्याशेजारून रोज जाते ती तोडणारी बाई, आणि तो कशासाठी लावलाय हे तिला कुणी सांगितलेलं नसतं! मान टाकलेला शेंडाही आधी तिलाच दिसतो. तो तिथल्या तिथं खुडून, पिशवीत घालून, शेताबाहेर नेऊन नष्ट केला तर आतली अळी त्याच्याबरोबर जाते. औषधाला एक पैसा लागत नाही. ही साधी गोष्ट तिच्यापर्यंत पोचत नाही म्हणून घरं फवारण्यांवर पैसे घालवतात, याचा मला आजही राग येतो.

फवारणीचंही तेच. पंप नवऱ्याच्या पाठीवर, म्हणून औषध किती विषारी ते सांगणाऱ्या, डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ त्याला शिकवतात. पण त्याला पाणी आणून देणाऱ्या, त्याचे ते कपडे धुणाऱ्या, नंतर त्याच भेंडीत उघड्या हातांनी शिरणाऱ्या तुम्ही आहात. आधी तोडणी, मग फवारणी, आणि लेबलावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत पुढची तोडणी नाही, हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर पाळणार कोण? भेंडी दिवसाआड तोडावी लागते. तिथं जास्त दिवस थांबायला लावणारं औषध मारायचंच नाही. त्यापेक्षा पाच टक्के निंबोळी अर्क घरी करा : 5 किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर द्रावण. त्यासाठी पावसाच्या सुरुवातीलाच निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवाव्या लागतात.

मोहोळलाच कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं जरूर जा. पण माझं मत विचाराल तर वर्गच तुमच्या बांधावर बोलवा. शेतीशाळेची मूळ पद्धत तीच. 1989 मध्ये इंडोनेशियात ती भातावरच्या तुडतुड्यांमुळे सुरू झाली. शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतात उतरून किडी आणि त्यांना खाणारे मित्रकीटक स्वतः मोजायचे. तुमच्या बचत गटाच्या नावानं सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) लेखी अर्ज द्या. शेतकरी प्रशिक्षणाच्या ‘आत्मा’ या सरकारी योजनेत किमान 30 टक्के निधी महिला शेतकऱ्यांसाठी वापरायचा असतो, तेही त्यात लिहा. विषय स्पष्ट लिहा : वांगी-भेंडीची कीड. नाहीतर महिलांचं प्रशिक्षण म्हटलं की पापड, लोणची, मसाले ठरलेलं. त्यातूनही घराला पैसा येतो, पण तुम्ही विचारलंय वांग्याचं. वेळ दुपारची मागा, भेंडीची तोडणी नसलेल्या दिवशी. आणि मालकांनाही सोबत बसवा. दोघांनी एकच ऐकलं की घरी वाद कमी होतो.

सातबाऱ्याचंही मनात असू द्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची लक्ष्मी मुक्ती मोहीम चालवली, त्यानंतर 1992 मध्ये शासनाचं परिपत्रक निघालं. नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लागू शकतं. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर मात्र आधी वाटणी व्हावी लागेल. तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) चौकशी दोघं मिळून करा.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात शेतकरी गटाचं काम बघतो. आम्ही महिलांची शेतीशाळा घेतली, पण बायका गप्प बसतात. काय करावं?

उत्तर : दादा, समाजमंदिरात सतरंजीवर बसवून भाषण दिलं तर पुरुषही गप्पच बसतील. सगळ्यांना प्लॉटमध्ये न्या. प्रत्येकीला आपल्या रानातलं एक किडकं पान किंवा फळ आणायला सांगा आणि बोलायला तिथून सुरुवात करा. पहिल्या रांगेत पाहुणे बसवू नका. लेकुरवाळ्या बायांसाठी सावली आणि पाणी आधी बघा. हजेरीपटावर तिचं स्वतःचं पूर्ण नाव लिहा, अमक्याची बायको म्हणून नको. फोन नंबरही तिचाच घ्या, तिच्याकडे नसेल तर गटातल्या दुसऱ्या बाईचा. नवऱ्याचा दिला तर फवारणीचा संदेश त्याच्या खिशातच राहतो.